दाढेच्या मुळात एवढं काय धुतात?

प्रश्न : माझ्या खालच्या दाढेचं नुकतंच रूट कॅनॉल झालं. दुखणारी नस डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी काढली. तरी पुढच्या दोन्ही सिटिंगना ते बराच वेळ सुईने दाढेत काहीतरी सोडत होते आणि नळीने ओढून घेत होते. आमच्या गावच्या टाकीत टीसीएल टाकल्यावर नळाच्या पाण्याला येतो, तसा वास त्याला येत होता. तोंडावर रबराचा पडदाही ताणून बसवला होता. नस गेल्यावर दाढेत धुण्यासारखं उरतं तरी काय? आणि टीसीएलसारखं औषध तोंडात वापरणं बरं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या नाकाने बरोबर ओळखलं. ग्रामपंचायत टाकीत टाकते ती टीसीएल पावडर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम हायपोक्लोराइट, आणि तुमच्या दाढेत सोडलं ते सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. दोन्ही एकाच कुळातली. रीतसर काळजी घेऊन वापरलं तर हे द्रावण सुरक्षित आहे, आणि मी तर पुढे जाऊन म्हणेन की रूट कॅनॉलमधलं खरं काम तेच करतं. डॉक्टर बोटांनी किंवा मशीनने आत फिरवतात त्या बारीक फाइली महत्त्वाच्या आहेतच, पण त्यांचं मोठं काम या द्रावणाला आत उतरायला वाट करून देणं हे आहे.

आता नस काढण्याविषयी. आपण जिला नस म्हणतो तो दाताच्या पोटातला मऊ गर. त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि त्यांना धरून ठेवणारं ऊतक असतं. दाताच्या वरच्या भागातल्या पोकळीतून तो मुळांमधल्या बारीक नळ्यांत उतरतो आणि मुळाच्या टोकाशी, मिलिमीटरच्या दोन-तीन दशांश रुंदीच्या छिद्रातून, जबड्याच्या हाडाशी जोडलेला असतो. कीड खोल गेली की जंतू या गरापर्यंत पोचतात. गर सुजतो, ठणका लागतो, हळूहळू तो कुजतो. मग जंतूंची वस्ती थेट मुळाच्या टोकापर्यंत पसरते आणि टोकाबाहेरच्या हाडात पू धरतो. डॉक्टर गर काढतात तेव्हा ठणका थांबतो, म्हणून रुग्णाला वाटतं की काम झालं. प्रत्यक्षात गराचे धागे, कुजलेले तुकडे आणि भिंतींना चिकटलेले जंतू आतच असतात.

ते सगळं फाइलीने खरवडून काढता येत नाही. चित्रात मुळाची नळी सरळ आणि गोल दाखवतात, पण निसर्गात ती क्वचितच तशी असते. झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काढलेल्या दातांच्या नळ्यांमध्ये रबर भरलं आणि मग दात विरघळवून टाकला. आतल्या पोकळीचे हुबेहूब साचे हाती आले. ते साचे पाहून दंतवैद्य चकित झाले. नळ्या वाकड्या होत्या, फाटे फुटलेल्या होत्या, एकमेकींना आडव्या जोडलेल्या होत्या, आणि टोकाशी तर कित्येक ठिकाणी त्यांचा नुसता झुपका झालेला होता. पुढे झुरिकमध्येच 2001 साली पीटर्स आणि सहकाऱ्यांनी वरच्या दाढा सूक्ष्म सीटी स्कॅनखाली ठेवून तपासल्या. फाइल कोणत्याही प्रकारची वापरली तरी नळीच्या भिंतीचा किमान पस्तीस टक्के भाग तिने स्पर्शही न केलेला निघाला. आपल्याला वाटतं त्यापेक्षा हा भाग कितीतरी मोठा आहे. जुन्या पेठेतला मुख्य रस्ता झाडूने झाडता येतो, पण त्याला फुटलेल्या बोळांत झाडू शिरत नाही, तिथून पाणीच फिरवावं लागतं. दाढेचंही तसंच आहे.

त्याहून बारीक गोष्ट म्हणजे नळीच्या भिंती. त्या दंतिनाच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या असतात आणि दंतिनात अक्षरशः हजारो सूक्ष्म नलिका असतात. त्यांची रुंदी साधारण एक ते अडीच मायक्रॉन. तोंडातले कित्येक जंतू एक मायक्रॉनच्या आसपास असतात, म्हणजे या नलिकांत ते आरामात शिरतात. तिथे पोचणारी फाइल अजून कोणी बनवलेली नाही. द्रवच पोचतो, आणि तोही अर्धवट.

या जंतूंना एवढं महत्त्व का द्यायचं, हे समजायलाही दंतवैद्यकाला बराच काळ लागला. दाताच्या गरात जंतू असतात हे विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बर्लिनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. पण दाताच्या मुळाशी गळू होतं ते जंतूंमुळे, की उघड्या पडलेल्या गरात अन्न अडकून नुसता दाह झाल्यामुळे, हा वाद राहिलाच. त्याचा निकाल 1965 साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांच्या एका साध्या पण सुंदर प्रयोगाने लागला. त्यांनी उंदरांचे दोन गट घेतले. एका गटातले उंदीर नेहमीसारखे वाढवलेले, दुसऱ्या गटातले जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात ठेवलेले. दोन्ही गटांच्या दाढांना भोक पाडून गर उघडा केला आणि तसाच सोडला. नेहमीच्या उंदरांच्या दाढेतला गर मेला, मुळाशी गळवं झाली. निर्जंतुक उंदरांच्या दाढेत अन्नाचे कण अडकले, तरी गर जिवंत राहिला आणि भोकावर नव्या दंतिनाचा पूल तयार झाला. म्हणजे इजा तीच, अन्न तेच, फरक फक्त जंतूंचा. आमच्या शाखेत शिकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग सांगतात, आणि मला तो दर वेळी नव्याने आवडतो.

आपल्याकडे दातातला किडा काढायला काटेरिंगणीच्या बियांची धुरी घ्यायची रीत होती, आजही काही ठिकाणी घेतात. दात आतून कोणीतरी पोखरतं ही त्यामागची समजूत पार चुकीची म्हणता येणार नाही. पोखरणारा मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि धुराने मरत नाही. शिवाय तोंडात गरम धूर घेताना भाजण्याची भीती असते. ही धुरी घेऊ नका.

मग या जंतूंना गाठायचं कसं? स्वीडनमधल्या उमिओ इथे बिस्ट्रोम आणि सुंडक्विस्ट यांनी 1980 नंतरच्या काही वर्षांत हे टप्प्याटप्प्याने तपासलं. आधी त्यांनी फाइली फिरवून नुसत्या मिठाच्या पाण्याने नळ्या धुतल्या. जंतूंची संख्या खूप घटली, पण पुन्हा पुन्हा सिटिंग करूनही जवळपास निम्म्या दातांत जंतू टिकून राहिले. मग मिठाच्या पाण्याऐवजी अर्धा टक्का हायपोक्लोराइट वापरलं, आणि जंतुमुक्त झालेल्या दातांचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं. नुसतं धुणं पुरत नाही, कशाने धुतो हेही तितकंच मोलाचं, हे त्यातून पक्कं झालं.

हे द्रावण दंतवैद्यांनी शोधलेलं नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसजवळच्या जावेल गावात बर्तोले या रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून कापड पांढरं करणारं क्लोरीनचं पाणी निघालं. पुढे 1820च्या दशकात लाबाराक नावाच्या पॅरिसमधल्या औषधविक्रेत्याने सोडियम हायपोक्लोराइट जंतुनाशक म्हणून वापरात आणलं. तेव्हा कुजणं आणि रोग जंतूंमुळे होतात हे ठाऊकच नव्हतं. त्याला फक्त कुजण्याची दुर्गंधी थांबवायची होती. व्हिएन्नाच्या सेमेलवाइस यांनी 1847 साली बाळंतिणींच्या वॉर्डात डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि मातांचे मृत्यू घटले. तो चुना म्हणजेच आपली टीसीएल.

दाढेच्या दृष्टीने खरं वळण पहिल्या महायुद्धात आलं. सैनिकांच्या जखमा खंदकांतल्या चिखलाने सडत होत्या. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन आणि फ्रेंच शल्यविशारद अलेक्सिस कारेल यांनी सुमारे अर्धा टक्का हायपोक्लोराइटचं, ऊतकाला फार न पोळणारं द्रावण तयार केलं. त्यांच्या पद्धतीतला मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी जखमेवर औषध एकदा ओतून सोडून दिलं नाही. जखमेत रबरी नळ्या बसवल्या आणि ठरावीक तासांनी ताजं द्रावण पुन्हा पुन्हा सोडत राहिले. हायपोक्लोराइट सडक्या ऊतकाशी झुंजताना स्वतः खर्ची पडतं. काही मिनिटांपूर्वी सोडलेल्या द्रावणात दम उरत नाही, त्यामुळे ते सतत बदलावं लागतं. युद्धानंतर हे ज्ञान दंतवैद्यकात आलं. 1941 साली लुई ग्रॉसमन यांनी दाखवून दिलं की हायपोक्लोराइट दाताचा गर विरघळवतंही. जंतू मारणारी औषधं इतरही आहेत, पण मेलेलं ऊतक विरघळवून वाहून नेणारं असं दुसरं औषध आजही नित्याच्या वापरात नाही. म्हणूनच त्याचा वास वाईट असला तरी ते टिकून आहे.

आता तुमच्या लक्षात येईल की डॉक्टर सारखं सोडत आणि ओढत का होते. एका मुळाच्या नळीत पाण्याचा एक थेंबही पुरता मावत नाही. एवढ्याशा द्रावणाची ताकद लगेच संपते. त्यात सुईच्या टोकापुढे द्रावण जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर जातं, त्यापुढे हवेचा बुडबुडा अडकून बसतो. तो बाजूला करायला डॉक्टर द्रावण हलवतात. काही जण नळीत बसणारी गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाची काडी वरखाली करतात, काही जण कानाला ऐकू न येणाऱ्या वेगाने कंपणारं अल्ट्रासॉनिक टोक वापरतात. द्रावण कोमट केलं तर ते जोमाने काम करतं. तीव्रतेबद्दल मात्र मतभेद आहेत. अर्ध्या टक्क्यापासून सहा टक्क्यांपर्यंत सगळं वापरात आहे. तीव्र द्रावण ऊतक लवकर विरघळवतं, पण चुकून बाहेर गेलं तर जास्त पोळतं. माझं मत विचाराल तर मध्यम तीव्रतेचं द्रावण भरपूर प्रमाणात आणि पुरेसा वेळ वापरणं हे तीव्र द्रावण घाईत वापरण्यापेक्षा भलं.

मधे एकदा वेगळं, बिनवासाचं पाणीही सोडलं असेल. फाइल फिरताना भिंतींवर दंतिनाचा बारीक चिखल बसतो आणि सूक्ष्म नलिकांची तोंडं बुजतात. हायपोक्लोराइट या खनिज चिखलाला काही करू शकत नाही. त्यासाठी सतरा टक्के ईडीटीए हे कॅल्शियमला धरून ठेवणारं द्रावण असतं. नॉर्वेच्या निगार्ड-ओस्टबी यांनी 1957 साली ते या उपचारात आणलं. ते साधारण मिनिटभर ठेवून नलिकांची तोंडं उघडायची आणि मग पुन्हा हायपोक्लोराइट सोडायचं. दोन्ही एकत्र मात्र करायची नसतात, कारण ईडीटीएत मिसळलं की हायपोक्लोराइटमधला सक्रिय क्लोरीन झपाट्याने कमी होतो. क्लोरहेक्सिडीन या दुसऱ्या जंतुनाशकाशी तर हायपोक्लोराइटचं मुळीच जमत नाही. दोन्ही भेटली की तपकिरी-नारिंगी साका बसतो आणि तो नलिकांत अडकतो. त्यामुळे एका द्रावणानंतर दुसरं सोडण्याआधी मधे साध्या निर्जंतुक पाण्याने धुवावं लागतं. धुण्यात वेळ जातो तो असा.

तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येतो, कारण ती रास्त आहे. हायपोक्लोराइट मेलेलं ऊतक विरघळवतं, तसं जिवंत ऊतकालाही इजा करतं. ते दाबाने मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर तत्काळ तीव्र कळ येते, काही मिनिटांत गाल सुजतो, नळीतून रक्त येतं, पुढे दोन-तीन दिवसांत गालावर निळं-जांभळं उमटतं. हे क्वचित घडतं आणि बहुतेक वेळा काही दिवस ते काही आठवड्यांत भरून येतं, पण रुग्णासाठी तो अनुभव भयंकर असतो. तो टाळायला डॉक्टर बारीक, बाजूला छिद्र असलेली सुई वापरतात, ती नळीत घट्ट रुतू देत नाहीत, टोकापासून एक-दोन मिलिमीटर अलीकडेच ठेवतात आणि पिचकारी बोटाने हळूहळू दाबतात. त्यासाठी नळीची लांबी आधी नेमकी मोजलेली असावी लागते. एक्सरे आणि एपेक्स लोकेटर नावाचं छोटं यंत्र त्यासाठीच असतं. सुई आत असताना अचानक असह्य दुखलं, तर हात वर करून लगेच सांगा. रुग्णाने धीर धरून गप्प राहण्याची ही वेळ नव्हे.

रबराचा पडदा याच काळजीचा भाग. 1864 साली न्यूयॉर्कचे दंतवैद्य सॅनफोर्ड बार्नम यांनी तो प्रथम वापरला. आज त्याला रबर डॅम म्हणतात. तो द्रावण जिभेवर, घशात जाऊ देत नाही, बारीक फाइल हातातून निसटली तर ती पोटात किंवा श्वासनलिकेत जाऊ देत नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे लाळ दाढेत येऊ देत नाही. लाळेचा एक थेंब आत आला की लक्षावधी जंतू परत आत. तासभर धुऊन मिळवलेलं एका क्षणात जातं. तुमच्या डॉक्टरांनी हा पडदा लावला, ही चांगल्या कामाची खूण आहे. आपल्याकडे तो सगळीकडे लावत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वाचकांनी उपचार सुरू होण्याआधी विचारावं, "डॉक्टर, रबर डॅम लावणार ना?" कोणत्याही चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही.

तीन वेळा बोलावलं, याचंही कारण विचारावंसं वाटत असेल. पूर्ण धुऊन झालं आणि दाढ कोरडी राहिली तर काही डॉक्टर एकाच सिटिंगमध्ये नळ्या भरतात. पू येत असेल, वेळ पुरला नसेल किंवा लक्षणं पूर्ण शमली नसतील तर दोन सिटिंगच्या मधे आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट ठेवतात. हे मुळात पानाला लावायच्या चुन्यातलंच रसायन, पण शुद्ध आणि मोजून बनवलेलं. 1920 साली जर्मनीच्या हर्मान यांनी ते दंतोपचारात आणलं. त्याचा पीएच साडेबाराच्या जवळपास असतो आणि एवढ्या अल्कलीत बहुतेक जंतू टिकत नाहीत. एन्टेरोकॉकस फेकॅलिससारखे काही चिवट जंतू मात्र त्यालाही पुरून उरतात, म्हणून पेस्ट धुण्याची जागा घेऊ शकत नाही. एका सिटिंगमध्ये आणि अनेक सिटिंगमध्ये केलेल्या उपचारांची तुलना बऱ्याच अभ्यासांत झाली आहे. दाढ बरी होण्याच्या बाबतीत ठळक फरक दिसलेला नाही. तेव्हा किती वेळा बोलावलं यावरून डॉक्टरांना जोखू नका. आणि दुखणाऱ्या दाढेला घरचा चुना लावू नका, हिरडी भाजते.

याच विषयावर आणखी दोन प्रश्न आले होते, त्यांची उत्तरं इथेच देतो.

प्रश्न : मग दात किडू नयेत म्हणून घरीच टीसीएलच्या पातळ पाण्याने चूळ भरली तर?

उत्तर : अजिबात भरू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन अत्यल्प, मोजून टाकलेला असतो. घरातल्या पावडरीचं किंवा फरशीच्या ब्लीचचं पाणी तोंडाचं अस्तर जाळतं, गिळलं तर अन्ननलिकेला इजा करतं. त्यात बाथरूमचं आम्ल मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. कीड टाळायला फ्लोराइडच्या टूथपेस्टने दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी दात घासा आणि गोड, चिकट खाणं कमी वेळा खा.

प्रश्न : पहिल्या सिटिंगनंतर दुखणं थांबलं. पुढे जायलाच हवं का?

उत्तर : हवंच, आणि लवकर. दुखणं थांबलं कारण दुखणारा गर निघाला. आत जंतू आहेत आणि वर तात्पुरतं सिमेंट आहे. हे सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, गळायला लागतं. मग लाळ आत उतरते आणि नळ्या पुन्हा जंतूंनी भरतात, तेही अशा जंतूंनी, ज्यांना काढणं पहिल्यापेक्षा कठीण जातं. दाढ आतून पोकळ आणि अशक्त झालेली असते, भाकरी चावताना ती उभी चिरली तर बहुधा काढावीच लागते. नळ्या भरून झाल्या तरी काम अपुरं असतं. वरची पक्की भराई आणि कॅप वेळेवर बसवून घ्या. नळ्या कितीही छान भरल्या आणि वरून गळती राहिली तर दाढ पुन्हा बिघडते.

शेवटची भराई झाल्यावर दोन-तीन दिवस चावताना थोडं दुखणं स्वाभाविक आहे. ते वाढत गेलं, सूज आली किंवा ताप आला तर लगेच दाखवा. काहीच त्रास नसेल तरी वर्षभराने एक एक्सरे काढून घ्या. मुळाच्या टोकाशी आधी काळी छाया असेल तर तिथे नवं हाड भरताना दिसायला हवं. मोठी छाया भरायला कधी चार वर्षंही लागतात, तोवर डॉक्टर मधून मधून तपासायला बोलावतील. उपचाराआधीचा एक्सरे फेकून देऊ नका, मोबाईलमध्ये त्याचा फोटोही काढून ठेवा. पुढच्या प्रत्येक एक्सरेची तुलना त्याच्याशीच करायची असते.